वऱ्हाडीचा शोध आणि शोधाची साधने

ग्रंथ उपलब्ध असणे आणि ग्रंथातील शब्द सापडणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. छापील ग्रंथालयाच्या काळात हा भेद फारसा जाणवत नसे. ग्रंथ हाती आला म्हणजे पाने उलटून तो वाचावाच लागे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ‘इहीर’ व ‘विहीर’ यांतील नाते ओळखण्यास कोणाच्या साह्याची गरज पडत नसे. संगणकीय साधनांनी ही स्थिती पालटली आहे. आज मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी प्रथम शोधतो आणि जे सापडते तेवढेच वाचतो. साहजिकच जे सापडत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या आजच्या पाच जिल्ह्यांच्या प्रदेशासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या, आज संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रात या प्रश्नाला विशेष धार येते. येथील विद्यार्थ्याची घरची भाषा बहुधा वऱ्हाडी असते, आणि ऑनलाइन साधनांची रचना मात्र प्रमाण मराठीच्या लेखनावर उभी आहे. ही साधने वऱ्हाडीच्या अभ्यासकाला कितपत उपयोगी पडतात, आणि जेथे पडत नाहीत तेथे दोष नेमका कशात आहे, याची परीक्षा व्हावयास हवी.

या साधनांनी केलेले उपकार प्रथम मान्य केले पाहिजेत. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्याचे सातही खंड व १९५० ची पुरवणी एकत्र असलेले ग्रंथालय लहान गावांतील महाविद्यालयांत विरळाच. आज हाच कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात कोणासही विनामूल्य पाहता येतो. त्याच ठिकाणी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, वझे यांचा शालेय कोश आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाऊस यांचा १९९९ मधील प्राचीन मराठीचा कोशही आहे. मराठी विश्वकोशाचे खंड शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने तशीच खुली केली आहेत. ज्या संदर्भासाठी अकोटच्या किंवा दर्यापूरच्या विद्यार्थ्याला एके काळी नागपूर अथवा पुणे गाठावे लागे, तो संदर्भ आता त्याच्या हातातील दूरध्वनीवर येतो. ही सोय क्षुल्लक नव्हे.

दाते-कर्वे कोशाचे उदाहरण थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. कारण वऱ्हाडीच्या दृष्टीने या सर्व साधनांत तो सर्वांत श्रीमंत आहे. कोशकारांनी प्रांतिक शब्दांपुढे संक्षेप घातले आहेत. ‘व.’ म्हणजे वऱ्हाडी, ‘ना.’ म्हणजे नागपुरी, ‘कों.’ म्हणजे कोकणी. छापील कोशात ही माहिती असूनही बंदिस्त होती. वऱ्हाडी शब्द कोणते हे जाणून घ्यावयाचे तर सातही खंड पहिल्या पानापासून अखेरपर्यंत चाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. कारण अकारविल्ह्याखेरीज दुसरी वाट कोशात नसते. संगणकीय कोशात मात्र शीर्षशब्दाऐवजी संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो, म्हणजेच कोश उलटा करून वाचता येतो. प्रांतावरून शब्दाकडे जाणे प्रथमच शक्य झाले, आणि छापील ग्रंथाची केवळ नक्कल न करता त्यातून नवीन काम निघावे असा प्रकार क्वचित घडतो तो येथे घडला.

परंतु हे आश्वासन अर्ध्यावरच थांबते. विरामचिन्हे न मोजणाऱ्या शोधात ‘व.’ हा संक्षेप आणि ‘व’ हे उभयान्वयी अव्यय यांत काहीच अंतर उरत नाही. वऱ्हाडी शब्द मागावेत आणि कोशातील सगळे ‘आणि’ या अर्थाचे ‘व’ अंगावर यावेत, असा हा विनोद आहे. ‘ना.’ची गत याहून बरी नाही. कोशकारांनी संक्षेप योजले ते डोळ्यांसाठी; कंस, पूर्णविराम आणि जागा यांवरून वाचक तो ओळखत असे. कोश संगणकावर चढविताना अक्षरे आली, त्या खुणांमागील अर्थ आला नाही. यासाठी शिकागोच्या संपादकांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी ग्रंथ जसा होता तसा निष्ठेने उतरविला आणि नोंदीसोबत मूळ पृष्ठांकही राखला. उणीव आहे ती पुढच्या टप्प्याची. प्रांतवार खूण ही स्वतंत्र माहिती म्हणून नोंदविण्याचे काम कोणीतरी हाती घ्यावयाचे राहिले आहे, आणि ज्यांच्या बोलीचा हा प्रश्न आहे त्यांच्याखेरीज ते दुसरे कोण हाती घेणार? एका अक्षराखालील ‘व.’ खुणेचे शब्द गोळा करावेत आणि त्यांपैकी कोणते आजही बोलले जातात हे आपापल्या गावी विचारून यावे, एवढे काम पदव्युत्तर वर्गाला एका सत्रात करता येण्याजोगे आहे. कोश नव्वद वर्षांपूर्वीचा आहे, याची जाणीवही विद्यार्थ्याला त्यातूनच होईल.

याहून सूक्ष्म आणि अधिक घातक अडचण ‘वऱ्हाड’ या नावातच दडलेली आहे. या शब्दातील ‘ऱ्ह’ मधील अर्धा र रफारासारखा डोक्यावर न जाता पापणीच्या आकाराने पुढील अक्षराला चिकटतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ साली स्थान मिळाले, आणि त्या व्यवस्थेत हा पापणीचा र दोन निरनिराळ्या रीतींनी नोंदविता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, त्यापुढे हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना मुळीच न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. कागदावर किंवा पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. जे शोधयंत्र या दोहोंचा मेळ घालीत नाही, त्याला एका रीतीने विचारले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला मजकूर हाती लागत नाही. काही ठिकाणी अदृश्य चिन्ह सरळ गाळले जाते आणि पापणीच्या जागी रफार येऊन शब्दच बिघडतो.

शुद्धलेखनाचे जुने उदाहरण येथे आठवते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत केवळ या पापणीचा भेद आहे. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. चिन्ह गाळणाऱ्या यंत्राने सगळ्याच आचाऱ्यांना आचार्यपद बहाल केले, तर त्यात त्याचा हेतू वाईट नसतो. पण मराठीची ही गरज रचनेच्या वेळी पुरेशी जमेस धरली गेली नाही, एवढे त्यावरून कळते. हिंदीला ही पापणी लागत नाही. मराठीला सर्वत्र लागते, आणि वऱ्हाडच्या अभ्यासकाला तर पावलोपावली. त्याच्या प्रांताचे नाव, त्याच्या भाषेचे नाव, कपाशीच्या झाडाला असलेला ‘पऱ्हाटी’ हा शब्द, शेताच्या बांधाला म्हणतात त्या ‘धुरा’ शब्दाचे ‘धुऱ्यावर’ हे रूप, या साऱ्यांत ती आहे. शोधनिबंधाच्या आरंभी ‘या विषयावर पूर्वी लेखन झालेले आढळत नाही’ असे वाक्य लिहिण्याची प्रथा आहे. वऱ्हाडीवरील निबंधात ते वाक्य लिहिण्यापूर्वी शब्द दोन्ही रीतींनी लिहून पाहिला होता काय, असे मार्गदर्शकाने विचारणे अगत्याचे ठरते.

प्रबंधांची कथा याहून वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात ठेवले जाऊ लागले, आणि वऱ्हाडातील बोली, लोकगीते, म्हणी व ग्रामीण साहित्य यांवरील संशोधन कपाटांतून बाहेर येण्याचा मार्ग मोकळा झाला. येथवर सर्व चांगले. परंतु मराठी प्रबंधांचे टंकलेखन बराच काळ कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या टंकांत होत आले. या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते. आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांची ओळ होय. त्यांच्या अंगावर देवनागरीचे सोंग चढविलेले असते. टंक काढून घेतला की सोंग उतरते. अशा प्रबंधात ‘पऱ्हाटी’ हा शब्द शंभर वेळा आला असला, तरी शोधयंत्राला तो एकदाही आढळत नाही. जे प्रबंध छापील पानांची छायाचित्रे काढून चढविले गेले आहेत, त्यांत तर अक्षरेच नाहीत, केवळ चित्रे आहेत.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा खूण घालावयाची आणि किल्ली पंथाबाहेर जाऊ द्यावयाची नाही, हे त्यांचे तत्त्व होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे, भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी ते कुलूप उघडले आणि मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ नव्याने लिहावा लागला. कृतिदेवातील प्रबंध हीही एक सकळ लिपीच आहे. फरक एवढाच की महानुभावांनी आपले धन जाणूनबुजून झाकले, आणि येथे कोणीही काही झाकू इच्छीत नसताना ते झाकले गेले. या नव्या लिपीची किल्लीही गुप्त नाही. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने विनामूल्य मिळतात. जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी आणि हीच पापणी यांत ती चुकतात, म्हणून बदललेला मजकूर माणसाने पुन्हा वाचून पाहावा लागतो. काम कंटाळवाणे आहे खरे. पण हस्तलिखितांच्या पाठभेदांइतके कठीण नाही, आणि तेही मराठीच्या अध्यापकांनी कधी टाळले नाही.

आतापर्यंतचे दोष अक्षरांचे होते. बोलीचा प्रश्न त्याहून खोल जातो, कारण बोलीला ठरीव लेखनच नसते. वऱ्हाडीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो, म्हणून ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो. इ-कारापूर्वीचा ‘व’ गळतो आणि ‘विस्तव’ चा ‘इस्तो’ होतो. चतुर्थीला ‘ला’ ऐवजी ‘ले’ लागून ‘माले’, ‘तुले’ अशी रूपे होतात. लेखक ही रूपे आपापल्या कानाने लिहितात. विठ्ठल वाघ यांच्या काव्यसंग्रहाचे नाव ‘काया मातीत मातीत’ असे आहे. त्याच नावाचे प्रमाण रूप ‘काळ्या मातीत’ असे धरून शोधणाऱ्याला कवीने निवडलेले रूप भेटत नाही, आणि ‘काया’ शब्दाने शोधणाऱ्याला देहवाचक ‘काया’ च अधिक भेटते. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० मधील कादंबरी वऱ्हाडी संवादांसाठी वाखाणली जाते. तीत निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणे वऱ्हाडीत आहे. वाचकाला या दोन थरांतील अंतर एका क्षणात जाणवते, कादंबरीची शक्ती पुष्कळशी त्या अंतरातच आहे, आणि यंत्राच्या शब्दगणनेत ते अंतर साफ बुजते. लेखन तपासणारी साधने तर या संवादांखाली लाल रेघा ओढतात. वर्गात बसलेल्या मुलाच्या आईची भाषा अशुद्ध ठरवावयाचे काम पूर्वी काही शिक्षक करीत, ते आता यंत्र निर्विकारपणे करते.

अर्थाच्या बाबतीतही तसेच घडते. प्रमाण मराठीत ‘धुरा’ म्हणजे जू किंवा नेतृत्वाचा भार. वऱ्हाडात दोन वावरांमधील बांध. धुऱ्यावरून झालेले भांडण अकोल्याच्या न्यायालयात नित्याचे असेल, पण प्रमाण अर्थ गृहीत धरणाऱ्या भाषांतरयंत्राने ते पुढारीपणाचे भांडण ठरविले तर आश्चर्य वाटावयास नको. प्रश्नांना वाक्यांत उत्तरे देणारी जी नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विद्यार्थी वापरू लागले आहेत, त्यांच्याविषयी येथे एवढेच पुरे की ती प्रचंड मजकुरावर पोसली जातात आणि ज्या बोलीचा लिखित, शोधता येण्याजोगा मजकूर थोडा, तिच्याविषयी त्यांचे अज्ञानही अस्खलित असते. नसलेल्या ग्रंथांची नावे ती आत्मविश्वासाने देतात. संदर्भग्रंथ प्रत्यक्ष पाहिल्याविना उद्धृत करू नये हा जुना नियम त्यांच्या बाबतीत दुप्पट कडक करावयास हवा.

या पार्श्वभूमीवर एका साधनाची वाखाणणी केली पाहिजे. राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी २०१७ पासून मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले व नकाशे आणि ध्वनिमुद्रणांसह संकेतस्थळावर ठेवले, ते या विषयातील सर्वांत विचारपूर्वक रचलेले काम होय. त्याचे महत्त्व आधीच्या सर्वेक्षणांशी तुलना केली म्हणजे ध्यानी येते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि तोही आज ऑनलाइन वाचता येतो. त्यात वऱ्हाडीचा नमुना आहे. परंतु प्रत्येक बोलीत एकच कथा, बायबलमधील उधळ्या पुत्राची, भाषांतरित करून घ्यावयाची अशी त्या सर्वेक्षणाची पद्धत होती. तुलनेला ती सोयीची, पण भाषांतरात बोली सावरून बसते, घरातल्यासारखी बोलत नाही. पुढे १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका आरंभिली. दक्षिण कानडा, कुडाळ, कोचीन, महाड, कासरगोड अशी तिच्यातील नावे पाहिली म्हणजे तिचा कल किनारपट्टीकडे होता हे उघड आहे. वऱ्हाडी वाट पाहत राहिली.

नव्या सर्वेक्षणात नात्यांची नावे, रोजच्या वापरातील शब्द आणि विभक्तिप्रत्यय यांविषयी लोकांना गावोगाव विचारलेले आहे, आणि त्यांची कथने त्यांच्याच आवाजात राखलेली आहेत. शब्द कसा लिहावा हा वाद ध्वनिमुद्रणापुढे गौण ठरतो. ‘माले’ आणि ‘मला’ यांची सीमा कोठे पडते हे नकाशावर दाखविता येते, आणि अमरावतीचा विद्यार्थी आपल्या बोलीचे स्थान कोकणी, खानदेशी, मराठवाडी यांच्या शेजारी पाहू शकतो. त्याची मर्यादाही सांगावयास हवी. ठरलेल्या प्रश्नावलीतून ठरलेलेच शब्द येतात. वखर, डवरा, तिफण यांच्या अवयवांची नावे, पेरणीतील आणि वेचणीतील बारकावे, बायकांच्या ओव्यांतील शब्द हे प्रश्नावलीच्या जाळ्यातून निसटतात. ट्रॅक्टर आल्यानंतर तिफणीचे अवयव सांगू शकणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत, आणि हे काम पुण्याहून येणाऱ्या सर्वेक्षकाने करण्यापेक्षा त्या घरांतील मुलांनीच करणे स्वाभाविक आहे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्या खिशात आधीच आहे. कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते वर्ष आणि कोणाची संमती, एवढे चार तपशील मुद्रणासोबत लिहून ठेवण्याची शिस्त मात्र अध्यापकाने लावावयाची आहे. त्यांवाचून मुद्रण म्हणजे नुसता आवाज.

ही शिस्त प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत तर अधिकच लागते. ‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकाच्या अखेरचे गद्य याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरात सिद्ध झाले. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी त्याच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. त्यांत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत आणि पाठही अनेक ठिकाणी भिन्न आहेत. ऑनलाइन फिरणाऱ्या उताऱ्यांखाली आवृत्तीचे नाव अपवादानेच असते. असा उतारा घेऊन विद्यार्थी तुळपुळे-फेल्डहाऊस कोशात शब्द पाहू लागला, तर कोशातील अवतरण आणि त्याच्या हातातील पाठ यांचा मेळ का बसत नाही हे त्याला उमगत नाही, आणि तो कोशाला तरी चुकीचे ठरवितो किंवा स्वतःला. दोन्ही निष्कर्ष सारखेच चुकीचे असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षापासून मराठी भाषा विद्यापीठ महानुभावांच्या या क्षेत्री आकार घेत आहे. पोथ्यांची छायाचित्रे काढण्याच्या योजना आता निश्चितच पुढे येतील. छायाचित्रे ही पहिली पायरी. त्यांची सूची ही दुसरी, आणि सगळी मदार त्या सूचीवर राहील. पोथीचे नाव, लिपी, लेखनशक, स्थळ हे तपशील कोणत्या रूपात लिहावयाचे आणि पर्यायी रूपे कोठे नोंदवावयाची, हे पहिली पोथी छायाचित्रकापुढे उघडण्यापूर्वी ठरले पाहिजे. त्या गावाचेच नाव आज ऋद्धिपूर, रिद्धपूर, रिद्धपुर आणि रिधपूर अशा निदान चार प्रकारांनी लिहिलेले आढळते, आणि शोधणाऱ्याला तूर्त चारही लिहून पाहावे लागतात.